चार लिटरचा ठसा

"हार घातलाईस? मी अजून हाय की गं."

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आमच्या स्टॉलवर पाऊल टाकल्याटाकल्या आप्पा एवढंच बोलले आणि खुर्ची ओढून बसले. मागच्या भिंतीवर मी त्यांच्या जुन्या सायकलची दोन्ही चाकं टांगली होती. खाली पाटी होती, 'आमची परंपरा, १९८४ पासून'. शोभा यावी म्हणून दोन्ही चाकांना झेंडूचे हार घातले होते. रात्री मला ती सजावट फार झकास वाटली होती. आप्पांनी तोंड उघडल्यावर मात्र ती चाकं कैलासवासी दिसायला लागली, आणि मग दिवसभर तशीच दिसत राहिली.

मी सारिका पोवार, राहणार कोल्हापूर. उद्यमनगरात 'रंगराव सायकल वर्क्स' नावाचं माझं वर्कशॉप आहे. रंगराव म्हणजे आप्पा, माझे वडील. त्यांनी आयुष्यभर सायकलवरून दूध घातलं. मी सायकलींचे भाग बनवते, तेही बीएमएक्सचे. बीएमएक्स म्हणजे वीस इंची चाकांची, बुटकी, लहान मुलाची वाटेल अशी सायकल. तिच्यावर बसून चांगली वाढलेली माणसं उड्या मारतात, हवेत गिरक्या घेतात आणि हातपाय मोडून घेतात. तिच्या चाकांच्या आसांना दोन्ही बाजूंनी टीचभर लांबीची नळकांडी बसवलेली असतात, त्यांना पेग म्हणतात. पोरं त्यांच्यावर उभी राहतात, कठड्यावरून घसरत जातात. पंचवीस वर्षं मी हे पेग वळत आले होते. माझे पेग जगभर गेले, पण प्रत्येक सायकलवर नाव दुसऱ्याचं.

यंदा, म्हणजे २०४३ साली, मोशीच्या सायकल प्रदर्शनात मी पहिल्यांदाच माझ्या नावाची आख्खी फ्रेम घेऊन आले होते. आशियाई शालेय लीगला दहा देशांतल्या मुलांना बीएमएक्स शिकवण्यासाठी एक सायकल निवडायची होती. निवडणाऱ्या होत्या पुण्याच्या मुग्धा लेले. प्रत्येक स्टॉलला उड्या मारून दाखवायच्या लाकडी उतारावर पंधरा मिनिटं मिळणार होती. आमची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराची. ती पंधरा मिनिटं जमली तर फ्रेमवर आमचं नाव राहणार होतं. नाही जमली तर कोल्हापूरला परत जाऊन मरेपर्यंत पेग वळायचे होते.

प्रदर्शन बघण्यासारखं होतं, हे मान्य करायला हवं. आमच्या डावीकडे शेवाळाच्या रबराचे टायर होते. त्यांना हवा लागत नव्हती, पण उन्हात ठेवले की हिरवे व्हायचे. समोर टायटॅनियमच्या क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्यांची, जोडी काचेच्या पेटीत ठेवली होती. ती इतकी हलकी, की पेटी उघडली तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने सरकली. एकाने चाकाच्या मधोमध बसणारा असा हब आणला होता की तो फिरताना तुमच्या आवडीचा आवाज काढायचा. त्याला दिवसभर कुणीतरी म्हैस रेकायला लावत होतं. सगळ्यात गर्दी होती ती एका सीटपाशी. ती इतकी अरुंद होती, की तिच्यावर बसायचं नसतंच असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं. आप्पांनी ती सीट उलटीपालटी करून पाहिली आणि त्याला विचारलं, "मग ठेवलीया कशाला? टोपी अडकवायला?"

आता माझ्या फ्रेमबद्दल.

स्वयंपाकघरातला गॅस पेटवायचा लायटर सगळ्यांना माहीत आहे. त्यात एक खडा असतो. तो दाबला, की त्यातून वीज निघते आणि ठिणगी पडते. अशा पदार्थाचे बारीक धागे काढून कार्बनच्या नळीत विणले, तर त्या नळीवर पडणारा प्रत्येक भार, प्रत्येक धक्का विजेच्या रूपात बोलायला लागतो. इथवरचं जुनंच आहे. तळेगावच्या एका प्रयोगशाळेने त्यात एक नवा धागा काढला होता. एकाच पद्धतीचा दाब पुन्हा पुन्हा पडला, की या धाग्याचे कण त्या पद्धतीने रांगेत बसतात आणि कायमचे तसेच राहतात. नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते, मग पायाचा आकार घेते, आणि एकदा घेतला की दुसऱ्याच्या पायाला होत नाही. तसंच हे. फ्रेम चालवणाऱ्याची ढब उचलते. त्याला आम्ही ठसा म्हणतो.

पेडलच्या आसाजवळ मी मुठीएवढं एक जड चाक बसवलं होतं. ते आतल्या आत गरगर फिरतं आणि सायकलचा तोल सांभाळतं. हबमध्ये एक नाजूक ब्रेक होता. फ्रेमने जे शिकलेलं असेल, ते या दोघांकडून करवून घ्यायचं. फ्रेमची या दोघांशी जोडणी मी ठसा बसल्यावर, मोशीला निघायच्या आदल्या रात्री केली; तोवर चाक नुसता तोल सांभाळत होतं. म्हणजे एखाद्या पटाईत खेळाडूने ठसा दिला, की नवशिक्या पोराच्या बुडाखालची सायकलच त्याला सांभाळून घेणार. ठसा बसायला चाळीस तास लागतात. जितका भार जास्त, तितका ठसा खोल. आणि एकदा बसला की पुसता येत नाही. कुठलं बटण नाही, काही नाही. तळेगावहून मला धागा मिळाला तो एकाच फ्रेमपुरता.

ठसा द्यायला मी ईश्वरी चौगुलेला बोलावलं होतं. वय एकवीस, राष्ट्रीय विजेती, हाडं चार ठिकाणी जोडलेली. ती वीस दिवस रोज संध्याकाळी दोन तास वर्कशॉपमागच्या मैदानात उड्या मारायची आणि मग सायकल शेडमध्ये उभी करून घरी जायची. विसाव्या दिवशी मी मोजणी पाहिली, तर ऐंशी तास दिसत होते. मी मोजणी-यंत्र बनवणाऱ्याला फोन करून पंधरा मिनिटं झाडलं. तो बिचारा परत परत सांगत होता की यंत्र बरोबर आहे. मी म्हटलं, तुझं यंत्र बरोबर असेल तर मग माझं गणित चुकलं असेल, नाही का? तो म्हणाला, हो ताई. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला उतारापाशी चांगलीच गर्दी जमली. दोन टोकांना दोन उंच लाकडी चढ, त्यांच्या माथ्यावर सपाट ओटे आणि मध्ये एक टेकाड. लेलेबाई पहिल्या रांगेत टॅब्लेट घेऊन बसल्या होत्या. लाकडाखाली भार मोजणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या होत्या, त्यांचे आकडे लेलेबाईंकडे जात होते. आप्पा माझ्या शेजारी उभे राहिले. ते नको तितके गप्प होते. मला वाटलं, त्यांनाही माझ्यासारखीच धाकधूक होत असेल.

ईश्वरी डावीकडच्या ओट्यावरून सुटली. टेकाडावरून उडाली आणि हवेत सायकल आडवी करायला गेली. हा तिचा हुकमी डाव. पण सायकल आडवी होईना. ईश्वरी हवेत एका बाजूला लोंबकळली आणि सायकल मात्र ताठच्या ताठ. खाली आली तीही अशी, की लाकडाचा आवाजसुद्धा झाला नाही. ईश्वरी समोरचा चढ चढली, वर पोचता पोचता तिने पेडल मारायचं थांबवलं, उजव्या पायावर भार टाकला, आणि सायकल अगदी कडेवर जाऊन उभी राहिली.

उभी म्हणजे उभीच. पाय टेकलेला नाही, डुगडुगणं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस सेकंद झाले. आणखी टाळ्या. मिनिट झाल्यावर टाळ्या हळूहळू बंद पडल्या.

"सारिकाताई," ईश्वरी वरून हळूच म्हणाली, "ही हलेना."

"पेडल मार!"

"मारतेय. ब्रेक सुटतच नाही."

सात महिन्यांची मेहनत तिथे लाकडी चढाच्या टोकावर अडकून बसली होती आणि लेलेबाई घड्याळाकडे बघत होत्या.

तेवढ्यात माझ्या कानाशी आप्पा ओरडले, "अगं पोरी, लिटरभर कमी कर! मग हालंल!"

सगळी गर्दी आप्पांकडे वळली. मीही वळले.

"काय कमी करू, आजोबा?" ईश्वरीने विचारलं.

"वजान गं! एक लिटर! काय बी टाक खाली!"

ईश्वरी हुशार पोरगी. तिने छातीवरचं कवच सोडलं आणि खाली भिरकावलं. किलोभर असेल. ब्रेक सुटला आणि सायकल अलगद उताराला लागली.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"काय?"

"काय काय? ते लिटरचं."

आप्पा उताराकडे बघत राहिले. माणूस चोरी पकडली गेली की जसा एकाएकी फार लक्ष देऊन खेळ बघायला लागतो, तसे.

सायकल दुसऱ्या टोकाला पोचली. ईश्वरीने पेडल थांबवलं, आणि सायकल पुन्हा उभी.

"ते पयलं माळी मावशींचं घर," आप्पा शेवटी पुटपुटले. "ह्ये हिंदुराव पैलवान."

आमच्या घरात एक रीत आहे. नवी सायकल आली, की पहिले काही दिवस तिच्यावर दूध वाहायचं. आप्पांच्या वडिलांपासूनची रीत. दूध वाहिलेली सायकल धन्याला पाडत नाही, असं आप्पा म्हणतात. मी शाळेत असताना मला गुलाबी सायकल आणली, तिच्यावरसुद्धा आठ दिवस दोन किटल्या लटकत होत्या. मैत्रिणी हसल्या म्हणून मी रडले होते. या फ्रेमच्या वेळी ती रीत माझ्या डोक्यातही नव्हती. एक तर गावात दूध हल्ली ड्रोनने येतं. दुसरं म्हणजे गेल्या साली आप्पा जकात नाक्याच्या वळणावर सायकलवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या दिवशी मी त्यांच्या सायकलची दोन्ही चाकं काढून ठेवली. तीच ही, हार घातलेली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"वीस. पाटंचं. फिराय जातो म्हनायचो न्हवं? शेजारच्या गोठ्यावनं चार लिटर घ्यायचो, चार घरं."

"त्या सायकलला कॅरिअर नाही, आप्पा!"

"कॅरिअर कशाला पायजे? किटल्या अडकवायला दोन्हीकडनं नळकांडी हाईत की! मला वाटलं, त्येच्यासाठीच केल्यास तू. म्हनलं, पोरीनं लई डोकं लावलंय."

पंचवीस वर्षं मी पेग वळले. त्यांचा इतका साधा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

तोवर ईश्वरीने दोन्ही पायांची गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची कवचं काढून फेकली होती आणि सायकल पुन्हा निघाली होती. गर्दीला वाटलं, हे सगळं ठरवूनच चाललंय. निवेदकालाही तसंच वाटलं असावं. त्याने माईक सावरला आणि घोषणा केली, "मंडळी, कोल्हापूरचं नवं तंत्र, भारत्याग!" पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. जितका भार जास्त, तितका ठसा खोल. ईश्वरी पन्नास किलोची, शिवाय निम्मा वेळ हवेत. आप्पा पंच्याहत्तर किलोचे, वर चार लिटर दूध. फ्रेमने चाळीस तास ईश्वरीचे ऐकले आणि चाळीस तास आप्पांचे. त्यात आप्पांचं तिला जास्त पटलं. वाकायचं नाही, कारण दूध हिंदकळतं. आपटायचं नाही, कारण दूध सांडतं. पेडल थांबलं आणि उजव्या पायावर भार आला, म्हणजे गिऱ्हाईक आलं. लिटरभर कमी होईपर्यंत जागचं हलायचं नाही.

तिसऱ्या थांब्याला ईश्वरीने कमरेची पिशवी टाकली. तिच्यात तिच्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या होत्या. "शाळेच्या पाटीलबाई," आप्पा म्हणाले. चौथ्याला तिने बूट काढून दोन्ही खाली सोडले.

"आणि हे कोणाचं घर?"

आप्पांनी घसा साफ केला. "डॉक्टर सूर्यवंशी."

"कोण?"

"त्येंना पिशवीतलं चालत न्हाई. म्हशीचंच लागतंय."

डॉक्टर सूर्यवंशींनीच आप्पांना सायकल बंद म्हणून सांगितलं होतं. कागदावर लिहून, सही करून. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला होता. मला इतका राग आला, की कुणावर काढावा तेच कळेना. वीस दिवस हा माणूस पहाटे उठून, मोडलेल्या खुब्याने, माझ्या आयुष्यातल्या एकमेव फ्रेमवर बसून, माझ्याच डॉक्टरला दूध घालून आला होता आणि घरी येऊन माझ्यासमोर चहात बिस्कीट बुडवत होता.

पाचव्यांदा सायकल थांबली ती उजवीकडच्या ओट्यावर. ईश्वरी मोज्यांवर होती. अंगावर कपडे आणि डोक्यावर हेल्मेट, एवढंच उरलं होतं. तिने हेल्मेटला हात घातला तसा संयोजक धावत आला. हेल्मेट काढायचं नाही, नियम आहे. ईश्वरीने माझ्याकडे बघितलं. मी आप्पांकडे.

"आता कोण? कलेक्टर?"

"कोन न्हाई." आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "चार घरं संपली. आता जकात नाक्याचं वळान."

"मग?"

"मग काय मग. तू दवाखान्यात माझ्याकडनं शबूद घेतला हुतास. त्या वळनावर परत सायकलवर दिसायचं न्हाई म्हनून. मी तिथं उतरतो. हातात धरून चालत न्हेतो, आनि पल्याड गेलो की बसतो."

मला माझे शब्द आठवले. पलंगाच्या दांड्याला धरून मी अगदी तसंच म्हणाले होते, 'आप्पा, त्या वळणावर पुन्हा सायकलवर दिसलात तर माझ्याशी बोलू नका.' मला म्हणायचं होतं, सायकलला हात लावू नका. त्यांनी ऐकलं ते वळणापुरतं. बाकी सगळं त्यांनी चोरून केलं, मला वीस दिवस बनवलं. पण रोज पहाटे, बघायला कुणी नसताना, ते त्या वळणावर उतरत होते. मला भांडायचं होतं, आणि रडूही येत होतं. गर्दीपुढे दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून मी नुसती उभी राहिले.

"उतर गं पोरी!" आप्पांनी हात वर करून सांगितलं. "चालत जा पल्याड, मग बस!"

ईश्वरी उतरली. ब्रेक सुटला. ती मोज्यांवर, सायकल हातात धरून, ओटा चालत पार करून दुसऱ्या कडेला गेली, सायकल उताराकडे वळवली आणि पुन्हा बसली. मग ती सुटली ती पूर्ण वेगाने. टेकाडावरून माणूसभर उंच उडाली, आणि इतकी मऊ उतरली, की शेवाळाच्या टायरवाल्याने हातातला चहा खाली ठेवला.

लेलेबाई उठून आमच्यापाशी आल्या. चष्मा कपाळावर सरकवला.

"हे नक्की काय होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. भारत्याग हा शब्दही आयता मिळाला होता. पण माझ्याच्याने होईना. मी रीत सांगितली, किटल्या सांगितल्या, चार घरं सांगितली. वळणाचंही सांगितलं.

"म्हणजे ही सायकल बिघडलेली आहे."

"हो."

"कसरतीला निरुपयोगी."

"हो."

त्यांनी टॅब्लेट माझ्यापुढे धरला. "काल आणि आज मिळून एकोणीस सायकली उडाल्या. उतरताना बसणारा धक्का सगळ्यांत कमी कोणाचा, बघा. तुमचा. बाकीच्यांच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. गेल्या मोसमात आमच्या लीगमध्ये दोनशे मुलांची मनगटं मोडली. उडायला सगळे शिकवतात. उतरायला कुणी शिकवत नाही." मग त्या आप्पांकडे वळल्या. "काका, पण दूध खरोखर सांडत नाही, याला पुरावा काय?"

हा प्रश्न आप्पांना विचारायला नको होता.

पाच मिनिटांत दाराबाहेरच्या चहावाल्याकडून चार लिटर दूध आलं. दोन किटल्या पेगांना टांगल्या गेल्या, झाकणं काढून. ईश्वरीने बूट चढवले, कवचं बांधली आणि टेकाडावरून उडी मारली. लेलेबाई खाली वाकल्या, लाकडावरून बोट फिरवलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं.

"दोन थेंब."

"ते हिचं," आप्पा ईश्वरीकडे बोट दाखवून म्हणाले. "माझं सांडत न्हाई."

लेलेबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, सुरुवातीला बारा फ्रेम हव्यात. फ्रेमवर नाव आमचं. पण बाराही फ्रेमना हाच ठसा हवा, याच माणसाचा, प्रत्येकीला चाळीस तास. फक्त ते लिटरचं थांबणं आणि वळणावरचं पायउतार होणं तेवढं नको.

"थांबायचं न्हाई तर गिऱ्हाइकाला दूध काय चालत्या सायकलवरनं फेकू?" आप्पांनी विचारलं.

"तो तुमचा प्रश्न. कराल का, काका?"

आप्पांनी माझ्याकडे मान वळवली. "हिला इचारा. चाकं हिनं काढल्यात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर उभं होतं, आणि त्यासाठी मला ज्या गोष्टीला हो म्हणायचं होतं, त्या गोष्टीने मला दवाखान्यात दहा रात्री जागवलं होतं. आप्पा शुद्धीवर येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नव्हता. मला बाप हवा होता आणि फ्रेमवर नावही हवं होतं. दोन्ही हवं असण्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

मी आप्पांना स्टॉलच्या मागे घेऊन गेले.

"पडलात तर?"

"हिच्यावर पडत न्हाई मी."

"आप्पा."

"अगं, पडाय आलो हुतो की दोनदा. हिनंच सावरलं. पयल्या दिवशी नुसती रीत म्हनून बसलो. म्हनलं, चार पावलं जाऊन परत ठेवायची. पर ही धरून ठेवती गं. तू काय केलंयस ते तुला तरी ठावं हाय का? वरीस झालं, मला समदी नुसती बसवून ठेवाय बगत्यात."

त्यांना चोरून जाऊ द्यायचं की बघत असताना, एवढंच ठरवायचं माझ्या हातात उरलं होतं.

"मी सोबत येणार," मी म्हटलं. "रोज. दुसऱ्या सायकलवर. गिऱ्हाइकांचं दूध मी वाहीन, थांबेन मी. तुम्ही भरलेल्या किटल्या घेऊन न थांबता चालवायचं, म्हणजे नव्या फ्रेमला थांबायची सवय लागणार नाही. आणि तो शब्द मी परत घेते. वळणावर उतरू नका."

"खरं?"

"खरं."

आप्पांनी खुर्चीवर चढून चाकांचे हार काढायला सुरुवात केली. खुर्ची मी धरली. एक हार त्यांनी ईश्वरीच्या गळ्यात घातला. दुसरा कुठे घालावा याचा थोडा विचार केला आणि त्या अरुंद सीटवाल्याच्या सीटला अडकवला.

महिन्याभराने तळेगावहून धागा आला, दुसरी फ्रेम तयार झाली, आणि एका पहाटे आम्ही बापलेक निघालो. आप्पा नव्या फ्रेमवर, मी प्रदर्शनातल्या पहिल्या फ्रेमवर. बावन्नाव्या वर्षी त्या बुटक्या सायकलवर, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून, मी कशी दिसत असेन ते सांगत नाही. माळी मावशी बघून हसल्या. हिंदुराव पैलवानांनी दूध घेताना 'वा, पोरी!' म्हणून पाठ थोपटली, तेव्हा मी पडायचीच, पण सायकलने सांभाळलं. पाटीलबाई अजून झोपेत होत्या; त्यांनी पातेलं खिडकीत ठेवलं होतं. प्रत्येक दारात सायकल आपोआप उभी राहायची, लिटर ओतलं की निघायची. मला काही करावं लागत नव्हतं. आप्पा दोन घरं पुढे गिरक्या घालत माझी वाट बघायचे.

डॉक्टर सूर्यवंशी फाटकातच उभे होते. त्यांनी पातेलं पुढे केलं, माझ्याकडे बघायचं टाळलं आणि आप्पांना विचारलं, "रंगरावकाका, सायकल बंद आहे ना?"

"व्हय, बंद," आप्पा सायकलवर बसूनच, फाटकासमोर गिरकी घालत म्हणाले.

पुढे जकात नाक्याचं वळण. आप्पा माझ्या पुढे होते. ते वळणापाशी आले, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि न उतरता, न वाकता, किटलीतल्या दुधाला जाग न आणता, ते वळण पार करून पलीकडे गेले. मीही त्यांच्यामागे निघाले.

वळणाच्या तोंडाशी माझी सायकल थांबली.

मी पेडल मारलं. पुन्हा मारलं. सायकल जागच्या जागी ताठ उभी. चार घरं झाली होती, चार लिटर संपले होते, आणि हिच्या नळीत बसलेला शब्द परत घ्यायला माझ्याकडे कुठलंच बटण नव्हतं.

पलीकडे आप्पा गिरक्या घालत माझ्याकडे बघत होते. हसून हसून त्यांना बोलता येत नव्हतं.

"उतर की!" ते शेवटी ओरडले. "शबूद तूच घेतला हुतास!"

मी उतरले. सायकल हातात धरली आणि चालत वळण पार करून आप्पांपाशी गेले.